कोपरा फाडायचा नियम

आमच्या ह्यांना पत्त्यांचा नाद नव्हता, तमाशाचा नव्हता, पानसुद्धा खात नसत. माझी आई शेजारणींना कौतुकानं सांगायची की लेकीनं नशीब काढलं. तिला काय ठाऊक, तिच्या जावयानं साताऱ्यातल्या दोन खोल्यांत बारा सरदार पाळले होते आणि त्यांच्या घोड्यांना वैरण पुरते की नाही, याची काळजी त्याला घरातल्या रॉकेलपेक्षा जास्त होती.

ह्यांना सगळे नानासो म्हणत. आधी कोयनानगरला धरणाच्या कामावर नकाशे काढायला होते, भूकंपानंतर बदली होऊन साताऱ्याला आले. सांगलीच्या एका वकिलाशी पोस्टानं बुद्धिबळ खेळायचे. एक चाल इकडून, एक चाल तिकडून, डाव संपायला वर्ष. त्यातच कधीतरी ह्यांच्या डोक्यात आलं की बुद्धिबळात पाऊस नाही, दाणागोटा नाही, किल्ले नाहीत. मग ती कसली लढाई? म्हणून ह्यांनी आपला खेळ काढला आणि त्याला नाव दिलं 'दौलत'.

खेळ मराठेशाहीतला. बारा खेळणारे, प्रत्येकाच्या ताब्यात थोडा मुलूख, दोनतीन गड, थोडी फौज आणि स्वतः नाव ठेवलेले सरदार. महिन्याअखेर प्रत्येकानं एका पोस्टकार्डावर आपले हुकूम लिहून साताऱ्याला पाठवायचे, की अमका सरदार तमक्या घाटानं जाईल, तमक्या गडावर धान्य भरावं. हे सगळे हुकूम एका मोठ्या नकाशावर मांडायचे. दोन फौजा समोरासमोर आल्या की फासे टाकायचे आणि ज्याचा त्याचा निकाल ज्याला त्याला कार्डानं कळवायचा. एकदा फासा पडला की ह्यांच्या सख्ख्या बापानं सांगितलं असतं तरी निकाल बदलला नसता.

नियम मात्र दर महिन्याला बदलत. लोणंदच्या एका कांदेवाल्यानं कागदावरच्या सगळ्या मुलखातलं धान्य विकत घेऊन दाबून ठेवलं. बाकीच्या अकराजणांची फौज उपाशी मरायला लागली, तेव्हा ह्यांनी दुरुस्ती काढली की दोन पावसाळे झाले की धान्याला कीड लागते. महाबळेश्वरच्या एका टॅक्सीवाल्यानं भर श्रावणात दोन हजार घोडी घाटाखाली उतरवली आणि ती वाहून गेली. तो चार महिने भांडत होता, की त्याच पावसात मी रोज टॅक्सी चालवतो, मग घोडं का चालणार नाही? त्याच्यासाठी वेगळी दुरुस्ती. दुरुस्त्या कार्बन लावून लिहायच्या आणि बाराजणांना धाडायच्या. कार्बनच्या निळ्या बोटांनी जेवायला बसत हे. मी बोलायची, हे हसायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात गंमत वाटायची. दुपारी पोस्टमन आला की ह्यांच्या आधी मीच कार्डं वाचून काढायची.

त्या बाराजणांत माझा आवडता गडी म्हणजे लालासाहेब. इस्लामपूरच्या पुढं कृष्णाकाठी त्यांचं गाव. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता ऊस बघायचे. एकुलता एक मुलगा मानसिंग तोही पलटणीत, सीमेवर. गेल्याच वर्षी त्याचं लग्न झालेलं. लालासाहेबांनी आपल्या मुख्य सरदाराचं नाव मानसिंगराव ठेवलं होतं. एकदा कामासाठी साताऱ्याला आले तेव्हा आमच्याकडे जेवले. मी सहज विचारलं की सरदाराला मुलाचं नाव कशाला? म्हणाले, "वैनी, त्यो तिकडं कुठं हाय ते पत्रात लिवत न्हाईत. हितं नकाशावर तरी कुठं हाय ते कळतं." मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर त्या कांदेवाल्याचा एक सरदार पडला आणि त्याचं रागाचं कार्ड आलं. आमची माणसं मरतात आणि तुम्ही विजेच्या बिलासारखं कळवता, मरणाला काही वजन नको का, असं त्यात होतं. ह्यांना ते फार लागलं. दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती तयार झाली. यापुढं सरदार पडल्याचं कार्ड दुखवट्याच्या भाषेत लिहिलं जाईल आणि त्याचा कोपरा फाडलेला असेल.

आता आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. कुणीतरी गेलं. तसलं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच वाचायचं, वाचून झालं की तिथंच फाडून टाकायचं, मग हातपाय धुऊन घरात यायचं. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं की असला अभद्रपणा माझ्या घरात चालायचा नाही, खेळाला खेळ राहू द्या. हे म्हणाले की म्हणूनच तर ते कार्ड हातात घेताना माणसाच्या काळजात धस्स होईल, आणि तेवढंच हवं आहे. खेळणाऱ्यांना नियम माहीत आहे, भ्यायचं काय कारण? बाराहीजणांना दुरुस्ती गेली. लालासाहेबांनी तर 'लय झकास' म्हणून कळवलं. मी एवढंच बजावलं की फाडलेलं कार्ड माझ्या डोळ्यांसमोर आणायचं नाही, इकडून जाणारंही नाही आणि तिकडून येणारंही नाही.

त्या महिन्याच्या हुकमांत लालासाहेबांनी लिहिलं होतं की बाकीची फौज मागे घ्यावी आणि मानसिंगरावानं थोड्या माणसांनिशी खिंड धरावी, काही झालं तरी सोडू नये. पलटणीतल्या माणसाचा हुकूम तो. डिसेंबर लागला आणि खरं युद्ध पेटलं. गल्लीतल्या एकुलत्या एका रेडिओपुढे माणसं जमायची, खिडक्यांना काळे कागद लावा म्हणून सांगत फिरायची. आणि अशा दिवसांत आमच्या ह्यांनी फासे टाकले. मानसिंगराव पडला. ह्यांनी कार्ड लिहिलं, कोपरा फाडला आणि ऑफिसला जाताना पेटीत टाकलं. मला सांगितलं नाही.

युद्ध संपलं. साताऱ्यात पेढे वाटले, फटाके वाजले. त्या शनिवारी दुपारी हे घरी आले ते गालातल्या गालात हसत. म्हणाले, रागावणार नसशील तर एक गंमत दाखवतो. मग ऑफिसच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. कोपरा फाडलेलं. तसली कार्डं घरी नको, ऑफिसवर धाडा, असं ह्यांनी मागाहून सगळ्यांना कळवलं होतं, म्हणून ते बुधवारीच ऑफिसच्या पत्त्यावर आलं होतं आणि माझ्या भीतीनं चार दिवस ह्यांनी ते पिशवीतच ठेवलं होतं. लालासाहेबांकडून आलेलं. ह्यांना कौतुक आवरत नव्हतं. बघ, म्हणाले, खेळावा तर असा. मी मरणाचं कार्ड धाडलं तर ह्या माणसानं उलट मला मरणाचं कार्ड धाडलं, वर सरदाराचा दहावासुद्धा घातलाय. आणि ह्यांनी त्याला उत्तरही लिहायला घेतलं होतं. दरबाराकडून दुखवट्याची वस्त्रं आणि मानसिंगरावाच्या वारसाला एक गाव इनाम.

मी ते कार्ड हातात घेतलं नाही. ह्यांना पायरीवर जाऊन वाचायला सांगितलं. शेजारी कुणी ऐकत नाही ना, हे बघून मीही दाराशी उभी राहिले. हे सरदारी थाटात वाचायला लागले. कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे चिरंजीव मानसिंग हे लढाईत धारातीर्थी पडले. दशक्रिया रविवारी सकाळी गावच्या घाटावर. आपले दुःखांकित, लालासाहेब, शालूबाई, अर्जुना आणि गं. भा. बनुबाई.

शेवटचं नाव ऐकलं. मी दाराची चौकट धरली. ह्यांना म्हटलं, शेवटची ओळ परत वाचा. ह्यांनी वाचली. गं. भा. बनुबाई. मी विचारलं, ही बनुबाई कोण? हे म्हणाले, असेल सरदाराची बायको, लालासाहेबांनी खेळात घातली असेल. मी म्हटलं, ती त्यांची सून आहे, जेवायला आले तेव्हा नाव सांगितलं होतं त्यांनी. खरी. जिवंत सुनेच्या नावामागं गंगा भागीरथी लिहून कुणी खेळतं का? माणूस दारू पिऊन पडला तरी असलं लिहीत नाही.

ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कारण ते काढायचं भान त्यांना नव्हतं. मग एकदम पायरीवर बसले. आधी म्हणाले, म्हणजे पोरगा खरंच गेला? माझ्याही मनात तेच आलं होतं, पण लगेच दुसरं आलं आणि ते जास्त भयंकर होतं. मी विचारलं, तुमचं कार्ड त्या घरी पोचलं तेव्हा लालासाहेब घरात नसले तर ते कुणी वाचलं असेल? घरात दोन बायका, वाचता न येणाऱ्या. पोस्टमननं उंबऱ्याबाहेर वाचून दाखवलं असेल. काय वाचलं असेल त्यानं? मानसिंगराव शत्रूशी लढताना पडला. आणि वाचून झाल्यावर रीतीप्रमाणं फाडून टाकलं असेल. मग लालासाहेब घरी आल्यावर त्यांनी बघायचं काय?

 मी रागानं आणखी पुष्कळ बोलले असते, पण ह्यांचा चेहरा बघून मलाच भीती वाटली. दहावा रविवारी, म्हणजे उद्याच. संध्याकाळी पुढं जायला गाडी नव्हती. पहाटेच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो.

कराडला गाडी बदलली, इस्लामपूरला बदलली. वाटेत दर गावात कुठं ना कुठं कमान उभारलेली, विजयाचं काही लिहिलेलं. ह्यांनी सगळ्या प्रवासात एकच वाक्य तीनचारदा म्हटलं, की नियम सगळ्यांना कळवला होता. शेवटी मी म्हटलं की नियम लालासाहेबांना कळवला होता, त्यांच्या बायकोला नाही, सुनेला नाही आणि पोस्टमनला नाही. 

फाट्यावर उतरून विचारत विचारत घाटाकडे गेलो. पन्नासएक माणसं असतील. मानसिंगचा चुलतभाऊ अर्जुना क्रियेला बसलेला, न्हाव्यानं त्याचं अर्धं डोकं भादरलेलं. बाजूच्या पायऱ्यांवर बायका. त्यांच्यात एक कोवळी पोर मान खाली घालून बसली होती. कपाळ कोरं, हात मोकळे, मनगटावर काचांचे ओरखडे अजून दिसत होते. कुणी सांगायची गरज नव्हती. मी आजवर पुष्कळ विधवा बघितल्या, पण पोस्टकार्डानं केलेली ही पहिलीच. 

लालासाहेबांनी आम्हाला लांबूनच बघितलं. उठून उभे राहिले. मला वाटलं, रडतील, नाहीतर ह्यांच्या अंगावर धावून येतील. ते दोन्ही झालं नाही. ह्यांनी तोंड उघडायच्या आतच त्यांनी विचारलं, "नानासो, ते कार्ड तुमचं हुतं न्हवं?"

ह्यांनी मान डोलावली.  लालासाहेब मटकन पायरीवर बसले. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. शालूबाई, त्यांची बायको, जागेवरून उठून आल्या आणि काय झालं म्हणून विचारायला लागल्या. मग ह्यांनी सांगितलं. खेळ, सरदार, फासे, फाडलेला कोपरा, सगळं. पन्नास माणसांपुढं, चपला काढून, हात जोडून. दौलतचे नियम असे भर घाटावर सांगताना ऐकून मला ते इतके पोरकट वाटले की वर बघवेना.

शालूबाई ऐकत होत्या, पण बघत होत्या नवऱ्याकडे. कारण ह्यांनी सांगायच्या आधीच लालासाहेबांनी कार्डाचं विचारलं होतं. शालूबाईंनी तेवढंच पकडलं. "तुमास्नी ठावं हुतं?"

लालासाहेब हळूहळू सांगू लागले. कार्ड आलं त्या दिवशी ते इस्लामपूरला युद्धाची बातमी काढायला गेले होते. परत आले तर घरात रडारड, सुनेच्या बांगड्या फोडून झालेल्या. पोस्टमन बदलीवरचा, त्यानं कार्ड वाचून ओढ्यात टाकलेलं. त्यांना कळलं ते इतकंच, की साताऱ्याहून आलंय आणि मानसिंग लढताना पडला. पलटणीचं जे काही ते साताऱ्याहूनच येतं, ही गावाची पक्की समजूत. तार का आली नाही, असं त्यांच्या मनात आलं, पण युद्धात कुणाचं काय ठिकाणावर असतं, म्हणून गप्प बसले. चौथ्या दिवशी अंघोळ करताना एकदम डोक्यात आलं की साताऱ्याहून आपल्याला आणखी कुणाचं कार्ड येतं.

"पर कार्ड बघाय न्हाई," ते म्हणाले. "म्हून नानासो, तुमास्नी तसंच कार्ड धाडलं. तुमचं नसलं तर तुमी दुखवट्याला येशीला, सावकाश. तुमचं असलं तर मिळंल त्या गाडीनं पळत येशीला. रोज सांजंपतोर फाट्यावर उभा ऱ्हातोय मी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. बुधवारी आलेलं कार्ड. म्हातारा माणूस फाट्यावर एकेक एसटी बघत उभा, आणि आमच्याकडे इनामाचं गाव कुठलं द्यायचं याचा विचार चाललेला. त्या क्षणी मला नवऱ्याचा जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही, आणि जेवढी कीव आली तेवढीही कधी आली नाही.

शालूबाईंचा आवाज अजिबात चढला नाही. "मग ती शंका मला का न्हाई दिलीसा? म्या तीच उराशी धरून ऱ्हायली असती."

"आन मागनं खरी तार आली असती तर?" लालासाहेब म्हणाले. "पोरगं दोनदा मारू का तुझं? एकदा तर मारलंयच. खिंड सोडू नगंस म्हून माझ्या हातानं लिवलंय."

शालूबाईंना त्यातलं किती समजलं, मला माहीत नाही. त्यांनी पाठ फिरवली. आतापर्यंत ती पोर, बनुबाई, जागची हलली नव्हती. आता तिनं मान वर केली आणि सरळ आमच्या ह्यांना विचारलं, "मग ते हायत?"

 मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा. एकदा तरी, काही नियम न बघता, हो म्हणा. ह्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "माहीत नाही, पोरी. मी पाठवलेलं खोटं होतं, एवढंच मला माहीत आहे."

ते खरं होतं. युद्ध संपलं होतं, पण पोराचं पत्र नव्हतं, तार नव्हती. आम्ही त्या घरातलं मरण परत न्यायला आलो होतो. जिवंतपणा द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. एवढ्या दूर धावत आलो ते हे सांगायला, हे मला तिथं उभी असताना कळलं.

शालूबाईंनी न्हाव्याला उठवलं, पिंडाचं ताट बाजूला सारलं आणि कुणाला तरी कुंकवाचा करंडा आणायला पिटाळलं. करंडा आला. त्यांनी बोट भरून सुनेच्या कपाळाकडे नेलं, तर बनुबाईनं तळहातानं कपाळ झाकलं.

"न्हाई आत्याबाई," ती म्हणाली. "पूस म्हनला, पुसलं. आता लाव म्हनता. उद्या तार आली तर पुन्यांदा पूस म्हनशीला, तवा माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. त्येंनीच येऊन लावूं दे."

बायकांनी समजावलं, शालूबाईंनी शपथ घातली, पण पोर ऐकेना. आम्ही दुपारच्या गाडीनं परतलो. त्या घरचं पाणीही मागायचा आम्हाला धीर झाला नाही. आल्यावर ह्यांनी नकाशा गुंडाळला आणि खेळ बंद केल्याचं सगळ्यांना कळवलं. कांदेवाल्याचं कार्ड आलं की असा मधेच डाव मोडणं नियमात बसत नाही. ते मीच चुलीत घातलं.

पुढं महिनाभर मी पोस्टमनची वाट बघत होते, आणि तो आला की घाबरत होते. लालासाहेबांनी कुठं कुठं चौकशी केली. गेलेल्यांच्या यादीत नाव नाही, एवढं कळलं. मधे मानसिंगचं एक पत्र आलं म्हणे, घरात आनंदीआनंद झाला, आणि मग कुणीतरी तारीख बघितली. ते युद्धाच्या आधी लिहिलेलं होतं. बनुबाईनं ते उशाशी ठेवलं, पण कपाळ कोरंच ठेवलं. बाहेरच्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, यावर कुजबुजायच्या. ती स्वतःच जायची नाही.

नंतरचं मला शालूबाईंनीच सांगितलं, खूप महिन्यांनी साताऱ्याला आल्या तेव्हा. जानेवारी संपता संपता एका संध्याकाळी मानसिंग आला. पत्रापेक्षा आपणच आधी पोचू म्हणून कळवलं नव्हतं. खांद्यावर ट्रंक, अंगात पलटणीचा कोट. शालूबाई भाकरतुकडा घेऊन धावल्या, तो पायांना हात लावायला वाकला, हसला, आणि तेवढ्यात आवाज ऐकून बनुबाई आतून बाहेर आली.

त्यानं तिच्या कपाळाकडे बघितलं. हातांकडे बघितलं. ट्रंक तशीच खाली ठेवली आणि अंगणातल्या माणसांवरनं एकदा नजर फिरवली. आई समोर होती, बाप दाराशी, अर्जुना गोठ्यातनं पळत येत होता. सगळे होते.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

 शालूबाईंच्या हातातला भाकरतुकडा तसाच राहिला. शेवटी लालासाहेब पुढं आले आणि त्याची ट्रंक उचलत म्हणाले, "तूच गेला हुतास रं. चल, आत चल."